तरुण खेळाडूंची हृदयक्रिया आणि वैद्याचे कर्तव्य

५ डिसेंबर २००४. बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना. गोव्याच्या डेम्पो संघाचा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने मोहन बागानविरुद्ध आपला दुसरा गोल केला, गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए सामन्यातच दगावला होता. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या स्नायूची विकृत जाडी आढळली.

आपल्याकडे जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवारांचे प्राण गेले. त्यात उष्म्याचाही वाटा असू शकतो. परंतु तपासणीचा प्रश्न तेथेही तोच होता. आमच्या विचुंबे-पनवेल परिसरातही भरतीसाठी धावणारे आणि कबड्डी खेळणारे तरुण तंदुरुस्तीचा दाखला किंवा ताकदीचे औषध मागण्यासाठी प्रथम आपल्याकडेच येतात.

कारणे

तरुणांमध्ये बहुधा जन्मजात अथवा आनुवंशिक दोष असतो : स्नायूची जाडी, हृदयरोहिणीचा चुकीचा उगम, विद्युत्-वहनातील बिघाड. ज्वरानंतरचा हृत्स्नायुशोथ व छातीवरील आघात हीही कारणे आहेत. पुष्कळदा पूर्वलक्षणे नसतात.

शास्त्रदृष्टी

हृदय हे सद्यःप्राणहर मर्म होय. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा, असे शास्त्रकार सांगतात. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, तोंड कोरडे पडणे आणि हृदयस्थ वायू मुखाकडे येणे, ही त्याची लक्षणे. वाग्भटाचार्य तर शीतकाल व वसंत वगळता इतर ऋतूंत सौम्य व्यायामच सांगतात. जूनमधील दीर्घ धावेच्या संदर्भात हे विचारणीय आहे. मात्र स्पर्धेतील खेळाडूला ही मर्यादा ओलांडावीच लागते. शिवाय गुप्त दोष केवळ अर्धशक्तीच्या पालनाने टळत नाही. म्हणून तपासणी हवी.

तपासणी

इटलीने १९८२ मध्ये स्पर्धक खेळाडूंना ई.सी.जी.सह तपासणी कायद्याने सक्तीची केली. तेथील व्हेनेतो प्रांतात खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण १९७९-८० मधील लाखामागे वार्षिक ३.६ वरून २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. ई.सी.जी. सर्वच दोष दाखवीत नाही, निरोगी खेळाडूतही कधी शंका उत्पन्न करतो. तरी त्याचे मोल कमी होत नाही.

दाखला देण्यापूर्वी प्रत्येक वैद्याने विचारावे : धावताना कधी मूर्च्छा आली काय? श्रमात छातीत दुखते, धडधडते किंवा वाजवीपेक्षा अधिक दम लागतो काय? कुटुंबात पन्नाशीपूर्वी कोणी अकस्मात दगावले काय? रक्तदाब पाहावा, हृदयध्वनी आडवे व उभे करून ऐकावे. एकही उत्तर होकारार्थी आल्यास दाखला राखून ठेवावा व हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. अशा वेळी अर्जुनारिष्ट देऊन समाधान मानू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

सोमलतेतील एफेड्रिन हृदयगती व रक्तदाब वाढविते. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रायुक्त पूरक आहारावर बंदी घातली. खेळांतही एफेड्रिनवर निर्बंध आहेत. म्हणून घटकांची नोंद नसलेली शक्तिवर्धक चूर्णे खेळाडूला देऊ नयेत.

प्रसंग ओढवल्यास

कोसळलेला खेळाडू प्रतिसाद देत नसेल व श्वास नीट नसेल, तर पाणी पाजण्यात वा कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. १०८ ला कळवावे. छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा. विद्युत्-झटका देणारे स्वयंचलित यंत्र मिळताच वापरावे. त्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. २०२१ मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर कोसळलेला डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन याच तत्परतेमुळे वाचला आणि पुढल्याच वर्षी पुन्हा खेळू लागला.

प्रत्येक तालुका शाखेने स्थानिक क्रीडामंडळांसाठी वर्षातून एकदा तपासणी शिबिर व छातीदाबाचे प्रात्यक्षिक योजावे, ही वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. दिसायला स्वस्थ असलेला तरुणही त्या रक्षणाचा अधिकारी आहे.