मॅटच्या कडेला

रिओ ऑलिंपिकमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट प्रकारातील अंतिम फेरीचा गुणतक्ता आपल्याकडे अनेकांना अजून पाठ आहे. १४ ऑगस्ट २०१६. दीपा कर्माकरच्या पहिल्या उडीला १४.८६६, दुसरीला १५.२६६, सरासरी १५.०६६. स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रूबरला १५.२१६ मिळाले आणि कांस्यपदक तिच्याकडे गेले. दीड दशांशाचा फरक. सुवर्ण मिळवणारी सिमोन बाइल्स १५.९६६ वर, म्हणजे वेगळ्याच उंचीवर होती. दीपाला त्या वर्षी खेलरत्न मिळाला, पुढच्या वर्षी पद्मश्री, आणि तिचे नाव घराघरांत पोहोचले. मॅटच्या कडेला उभ्या असलेल्या तिच्या प्रशिक्षकांना, बिश्वेश्वर नंदींनाही २०१६ मध्येच द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पण त्यांचे नाव किती जणांना आठवते? हा लेख त्यांच्याविषयी आहे, आणि तो छत्रपती संभाजीनगरात बसून लिहिण्याला कारण आहे. त्याकडे येतोच.

नंदी स्वतः राष्ट्रीय विजेते जिम्नॅस्ट. त्यांच्या पिढीतल्या भारतीय जिम्नॅस्टला ऑलिंपिकची स्वप्ने फारशी परवडत नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीला दोन, १९५६ मध्ये मेलबर्नला तीन आणि १९६४ मध्ये टोकियोला सहा, अशा अकरा भारतीय पुरुषांनी तिथवर मजल मारली आणि मग बावन्न वर्षे कोणीही नाही. हा दुष्काळ दीपाने संपवला, आणि ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. मात्र त्रिपुरात जिम्नॅस्टिक्सचे बी आधीच पडले होते. साठच्या दशकात हरियाणातले दलीप सिंह प्रशिक्षक म्हणून तिकडे गेले आणि रमले. १९७५ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे मंटू देबनाथ त्याच मातीतले, आणि नंदीही. गुरूने घडवलेला हा खेळाडू पुढे त्याच गावात, अगरतळ्यात, गुरू झाला, त्याने लग्न केले तेही प्रशिक्षक असलेल्या सोमा यांच्याशी, आणि सहा वर्षांची दीपा आधी सोमा नंदींच्याच हाताखाली आली. तिचे वडील दुलाल कर्माकर हे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘साई’चे, वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. मुलीचे तळपाय सपाट होते. धावून उडी मारणाऱ्याला आणि खाली येऊन घट्ट उभे राहणाऱ्याला याहून वाईट देणगी क्वचित मिळत असेल. अगरतळ्यात धड व्हॉल्ट नव्हता. भंगारातल्या स्कूटरचे भाग वापरून नंदींनी सरावाचे साधन उभे केले.

ही स्कूटरची गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडली. मला तिच्यात थोडी अडचण वाटते. गरिबीतून पदक ही कथा इतकी गोड लागते की कारागिरी बाजूला पडते. प्रशिक्षकाची खरी कारागिरी कुठे असते? एक म्हणजे हातात. मुलगी हवेत असताना नेमक्या क्षणी पाठीला किंवा मांडीला दिलेला सपोर्ट, आणि त्याहून अवघड, तो कधी काढून घ्यायचा याचा अंदाज. विजेत्या खेळाडूचे शरीर उडीचा वेळ आतून ओळखते. प्रशिक्षक झाल्यावर तोच वेळ बाहेरून, दुसऱ्याच्या खांद्याच्या कोनावरून वाचावा लागतो. पुष्कळ मोठे खेळाडू इथेच अडखळतात. स्वतःला सहज जमलेली गोष्ट दुसऱ्याला का जमत नाही, हे त्यांना उमगत नाही.

दुसरे म्हणजे नियमावली. जुन्या जिम्नॅस्टच्या मनात ‘परफेक्ट टेन’ बसलेले असते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या गुणदानाच्या वादानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने २००६ मध्ये ती पद्धत मोडली. आता काठिण्याचे गुण वेगळे, सादरीकरणाचे वेगळे, आणि नियमावली दर ऑलिंपिक चक्रात बदलते. म्हणजे ज्या नियमांवर तुम्ही चॅम्पियन झालात, ते तुमच्या शिष्याच्या कामाचे नसतात. नंदींनी दीपासाठी निवडलेली प्रोदुनोवा उडी हा याच हिशेबाचा भाग होता. धावत येऊन हातांवर उसळी, मग पुढच्या दिशेने दोन कोलांट्या आणि पायांवर उतरणे. उतरताना तोल चुकला तर मानेवर येण्याचा धोका. म्हणून जगात मोजक्याच मुली तिच्या वाटेला गेल्या. रिओला तिचे काठिण्यमूल्य ७.० होते. साधनांत आणि सफाईत आपण मागे असू, तर काठिण्यात पुढे जायचे, असा तो सौदा. दुसऱ्या उडीचे १५.२६६ म्हणजे ७.० अधिक सादरीकरणाचे ८.२६६. पुढच्या चक्रात महासंघाने याच उडीचे मूल्य ६.४ वर आणले. सौद्याचा नफा कागदावरच घटला.

शरीरानेही आपली किंमत वसूल केली. २०१७ मध्ये दीपाच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, डॉ. अनंत जोशी यांच्याकडे. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातल्या मर्सिन इथे तिने विश्वचषक मालिकेतले सुवर्ण घेतले. मग उत्तेजक चाचणीत अडकून एकवीस महिन्यांची बंदी आली. बंदी संपल्यावर मे २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण, भारताचे त्या स्पर्धेतले पहिलेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकतिसाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली आणि पुढे कदाचित प्रशिक्षण देईन, असे सूचित केले. या साऱ्या चढउतारांत प्रशिक्षक एकच होते.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे उदाहरण ठाण्याचे. पूजा सुर्वे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये भारताकडून उतरल्या आणि नंतर ठाण्यातच शिकवू लागल्या. त्यांची शिष्या संयुक्ता काळे. जून २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत संयुक्ताने रिदमिकची पाचही सुवर्णपदके उचलली. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान तिला प्रणती नायकबरोबर विभागून मिळाला. अगरतळा आणि ठाणे यांच्यात हवामान, पैसा, भाषा काहीच समान नाही. समान आहे ते इतकेच, की खेळून झालेला माणूस गाव सोडून गेला नाही.

आता आपले शहर. संभाजीनगरला जे आहे, ते नंदींच्या तरुणपणीच्या अगरतळ्याला स्वप्नातही मिळाले नसते. विद्यापीठाच्या आवारात साईचे केंद्र आहे, तिथे जिम्नॅस्टिक्स शिकवले जाते. गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे. रिद्धी आणि सिद्धी हत्तेकर या जुळ्या बहिणी इथूनच राष्ट्रीय पातळीवर गेल्या. म्हणजे खेळाडू घडतात, हे सिद्ध झालेले आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. पंचविशीत जिम्नॅस्टचे गुडघे थकतात, तेव्हा तिच्यापुढे काय असते? राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते चांगलेच आहे. पण त्यातून मिळणारी खुर्ची बहुधा कुठल्या तरी कार्यालयातली असते, आणि पंधरा वर्षे शरीरात साठवलेले ज्ञान फायलींखाली जाते. प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हवी. ही संस्था १९६१ पासून आहे. पदविका एका वर्षाची, प्रमाणपत्र अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा. घर चालवणाऱ्या मुलीला वर्षभर पंजाबात राहणे सोपे नाही, आणि परतल्यावर पद असेल याची हमी कोणी देत नाही.

या शहराला प्रशिक्षणाचे ते दार घराशी मिळणार होते. राज्याचे आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आधी इथल्या करोडीला व्हायचे ठरले होते. मग ते पुण्याला, बालेवाडीला गेले. बालेवाडीत तयार मैदाने आहेत, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण तयार मैदाने असलेल्या जागीच सगळे न्यायचे ठरवले, तर मराठवाड्यात कधीच काही तयार होणार नाही.

विद्यापीठ परत मागण्याची वेळ गेली असे मी धरून चालतो. त्याहून लहान आणि आजच होऊ शकेल अशी मागणी आहे. विभागीय संकुलात सहायक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षकाची दोन पगारी पदे ठेवावीत, ती मराठवाड्यातल्या निवृत्त राष्ट्रीय जिम्नॅस्टसाठी राखावीत, आणि निवड झालेल्यांच्या पतियाळ्याच्या वर्षाचा खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा. वाचकांपैकी कोणाची मुलगी आज संकुलाच्या हॉलमध्ये जात असेल, तर संकुल समितीला ही मागणी करणारे पत्र तुम्हीच लिहा.