एका घराचे सदुसष्ट पैसे

करोनाच्या पहिल्या महिन्यांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना जो आराखडा पाठवला, त्यात प्रतिबंधित क्षेत्रातली कामाची वाटणी नेमकी लिहिलेली होती. एका आशाताईकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे ५० घरे, अवघड भागात ३०. सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात रोज घरोघर जायचे. ताप-खोकला कुणाला आहे का, बाहेरगावाहून कोण आले, घरात म्हातारे माणूस किंवा मधुमेहाचा रुग्ण आहे का, हे दारात उभे राहून विचारायचे, वहीत उतरवायचे आणि संशय आला की लगेच वर कळवायचे. या जादा कामासाठी केंद्राने आशांना जो जादा मोबदला ठरवला, तो होता महिन्याला १,००० रुपये. दिवसाला ३३ रुपये. पन्नास घरांनी भागले तर एका घरामागे ६७ पैसे पडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २३८ रुपये होती. म्हणजे बांधबंदिस्तीवर चार दिवस माती टाकून जेवढे मिळाले असते, जवळपास तेवढेच महिनाभर विषाणूच्या दारात उभे राहून मिळाले. महासाथीत काम करत राहिलेल्यांच्या मोबदल्याचा विचार करताना मला या हिशेबापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण कौतुकाच्या शब्दांत तो हरवून जातो.

आशा म्हणजे गावातली, त्याच गावात राहणारी आरोग्य कार्यकर्ती. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना सुरू झाली, साधारण हजार लोकवस्तीमागे एक या हिशेबाने. आज देशात सुमारे १० लाख आशा आहेत आणि महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या आसपास. त्यांना पगार नाही. प्रत्येक कामाचा दर ठरलेला आहे. घरी जाऊन बाळंतिणीची आणि बाळाची ४२ दिवस ठरलेल्या वेळी तपासणी केली की २५० रुपये. बाळाचे वर्षभराचे लसीकरण पूर्ण करून घेतले की १००. ग्रामीण भागात गरोदर बाईची नोंद, तपासण्या आणि दवाखान्यातले बाळंतपण मिळून ६००. याशिवाय नोंदवह्या, सर्वेक्षण, बैठका यांसाठी केंद्राचा ठरावीक मोबदला, जो २०१८ मध्ये १,००० वरून २,००० झाला, आणि त्यावर राज्य घालेल ती भर. या दरपत्रकात एक मोठी गोम आहे आणि ती २०२० मध्ये उघडी पडली. टाळेबंदी लागली तशी लसीकरणाची सत्रे थांबली, नेहमीचे दवाखाने ओस पडले, बाया बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जायला घाबरू लागल्या. ज्या कामांचे पैसे मिळत, ती कामे आटली. ज्या कामांचा दरच नव्हता, ती दिवसभर पुरून उरली. सर्वांत जास्त राबलेल्या महिन्यांत हातात पडणारी रक्कम घटण्याची वेळ आली. हे कुणा अधिकाऱ्याच्या दुष्टपणामुळे झाले नाही. तुकड्या-तुकड्याने दाम देणारी कोणतीही पद्धत संकटात अशीच वागणार, आणि म्हणूनच दोष भत्त्याच्या आकड्यात शोधून भागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की महासाथीत झालेला अन्याय भत्ता कमी पडल्याचा नव्हता. ज्या कामाला आपण नोकरीसारखे राबवले, त्याला मजुरी म्हणायचे नाकारले, हा तो अन्याय होता.

‘मानधन’ हा शब्द इथे फार मोठे काम करतो. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला मानधन देतात. ते किती असावे हे यजमान ठरवतो आणि पाहुणा त्यावर घासाघीस करत नाही. पाहुण्याला वेळेवर हजेरी लावावी लागत नाही, संध्याकाळी अहवाल पाठवावा लागत नाही, न आल्यास कामावरून काढण्याची तंबी मिळत नाही. आशाताईच्या बाबतीत कामाचे तास, जागा, नमुना, अहवालाची वेळ सगळे सरकारने ठरवले, आणि किंमत देताना मात्र ती पाहुणी झाली. याच्या शेजारी २९ मार्च २०२० चा केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश ठेवून पाहा. टाळेबंदीत बंद राहिलेल्या दुकाना-कारखान्यांतल्या कामगारांना मालकांनी कपात न करता पूर्ण वेतन द्यावे, असे त्यात होते. उद्योजक सर्वोच्च न्यायालयात गेले, १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला, आणि जूनमध्ये न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत तोडगा काढावा असे सुचवले. पण आदेशामागचे तत्त्व चांगले होते. घरी बसावे लागणे हा कामगाराचा दोष नाही, तेव्हा त्याची चूल बंद पडू नये. मग ज्या बाईला त्याच आठवड्यात सरकारनेच घराबाहेर काढले, तिच्यासाठी हेच तत्त्व एक पाऊल पुढे का जाऊ नये? घरी थांबलेल्याला पूर्ण वेतन हा हक्क मानायचा आणि बाहेर पडलेलीला महिन्याचे हजार रुपये हे प्रोत्साहन मानायचे, हे एकाच सरकारच्या एकाच महिन्यातल्या विचारात बसत नाही.

पहिला आक्षेप तिजोरीचा, आणि तो खोटा नाही. मार्च २०२० च्या अखेरीस राज्याच्या तिजोरीत इतका खडखडाट झाला की सरकारने अधिकाऱ्यांचा त्या महिन्याचा पगार टप्प्यांत द्यायचे ठरवले. वरच्या दोन वर्गांना आधी निम्मा, तिसऱ्या वर्गाला तीन चतुर्थांश, चौथ्या वर्गाला मात्र पूर्ण. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांचा वाढीव महागाई भत्ता दीड वर्ष गोठवला आणि त्याचा फरक पुढेही दिला नाही. म्हणजे ज्यांना पक्का पगार होता, त्यांनीही झळ सोसली. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण याच उदाहरणात उत्तरही दडलेले आहे. पैसे कमी असताना कुणाचे आधी द्यायचे, हे राज्याने ठरवले, आणि शिपायाला साहेबाच्या आधी पूर्ण पगार दिला. खालच्याची पोळी आधी भाजायची, ही रीत सरकारला मान्य होती. ती पगारपत्रकाच्या शेवटच्या ओळीपाशी थांबली, कारण आशाताई त्या पत्रकातच नव्हती. मुंबई महापालिकेने टाळेबंदीत कामावर येणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिवसाला ३०० रुपये भत्ता दिला. तो योग्यच होता. रुग्णालयातली आया, गटारात उतरणारा कामगार, पाणीखात्यातला माणूस यांना तो मिळायलाच हवा होता. पण दिवसाला ३०० आणि दिवसाला ३३, या दोन आकड्यांतला फरक धोक्याच्या फरकाने आलेला नाही. तो आला हुद्द्याच्या फरकाने. धोका मोजून भत्ता ठरला असता, तर घरोघर हिंडणारी बाई यादीत बरीच वर आली असती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आशा स्वयंसेविका आहे, दिवसाचे दोन-तीन तास, आठवड्यातले चार दिवस काम, उरलेल्या वेळात तिने आपला उद्योग करावा, अशी कल्पना योजनेच्या कागदातच आहे. तिने ती मान्य करूनच काम घेतले, मग आता पूर्ण वेळाचे वेतन कसे मागता? कागदाचा हा मुद्दा प्रामाणिक आहे, म्हणून कागदानेच त्याचे उत्तर द्यावे. आठवड्याला जास्तीत जास्त बारा तासांची अपेक्षा होती. प्रतिबंधित क्षेत्रात सकाळी आठ ते दोन, रोज, म्हणजे आठवड्याला ४२ तास झाले, आणि त्यात घरी बसून वहीतले आकडे मोबाइलवर चढवण्याचा वेळ धरलेला नाही. करार एका बाजूने बदलला होता. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हाही हेच. हातात ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, घरातल्या प्रत्येकाचे तापमान, प्राणवायूची पातळी, जुने आजार यांची नोंद, दाराशी नको म्हणणाऱ्यांची समजूत. जानेवारी २०२१ मध्ये करोनाची लस आली आणि गावागावात लोकांना केंद्रापर्यंत आणण्याचे कामही त्यांच्याचकडे आले. याला फावल्या वेळेची समाजसेवा म्हणता येणार नाही.

न्यायालयानेही शेजारच्याच एका प्रकरणात हे म्हटले आहे. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या दाव्यात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने त्यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निकाल दिला. सरकारचे म्हणणे होते की हे अर्धवेळ काम आहे आणि मिळते ते मानधन आहे. न्यायालयाने दोन्ही नाकारले. सेविकांवर सोपवलेली कामे पाहता हे अर्धवेळ काम म्हणता येणार नाही, आणि नाव मानधन असले तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच आहे. हा निकाल आशांना आपोआप लागू होत नाही. त्यांची योजना वेगळी, आणि तिथे ठरावीक मानधनापेक्षा कामागणिक मोबदला मोठा. तरीही नावावरून नव्हे तर कामावरून ठरवावे, हा त्यातला विचार दोघींनाही सारखाच लागू पडतो. आणि तो नवीन नाही. सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच शिफारस केली होती की योजनांवर राबणाऱ्या या बायांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. सात वर्षांनी साथ आली तेव्हा ती शिफारस कागदावरच होती. आधी पाया घातला असता तर २०२० मध्ये भत्त्याचा आकडा शोधत बसायची वेळ आली नसती.

कुणी म्हणेल, साथीत कष्ट सगळ्यांनी केले. पोलिस, किराणा दुकानदार, ट्रकचालक, स्मशानातले कर्मचारी. कुणाकुणाला वेगळे काढणार? खरे आहे, आणि म्हणूनच मला ‘योद्धा’ ठरवून बक्षीस वाटण्याचा मार्ग पटत नाही. बक्षिसात निवड येते, आणि निवडीत आवाज असलेले पुढे जातात. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून दर गुरुवारी संध्याकाळी लोकांनी दारात उभे राहून परिचारिकांसाठी टाळ्या वाजवल्या; वर्षभराने सरकारने त्यांना एक टक्का पगारवाढ देऊ केली, ओरड झाल्यावर ती तीन टक्क्यांवर गेली. फ्रान्सने साथीतल्या कामासाठी एकदाच द्यायची रक्कम दिली, पण जुलै २०२० मध्ये संघटनांशी करार करून रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा पगार महिन्याला १८३ युरोंनी कायमचा वाढवला. दुसरा मार्ग मला जास्त न्यायाचा वाटतो. एकदाची रक्कम साथ ओसरली की विसरली जाते; मूळ पगारातली वाढ ते काम महत्त्वाचे होते हे दरमहा मान्य करते.

आणखी एक आक्षेप गावागावात ऐकू येतो, तो सेवेचा. पैशाची भाषा आली की सेवेचे मोल जाते, असा. हे वाक्य जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला कुणी ऐकवत नाही. डॉक्टरांची सेवा पगाराने कमी होत नाही, मग आशाताईचीच का व्हावी? सन्मान तर त्यांना भरपूर मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला, आणि तो त्यांनी कमावलेलाच होता. विमाही होता, मार्च २०२० मध्ये जाहीर झालेला ५० लाखांचा. पण तो मृत्यूनंतर कुटुंबाच्या पदरात पडणारा होता. तापाने फणफणून चौदा दिवस विलगीकरणात गेलेल्या बाईला त्या चौदा दिवसांची आजारपणाची भरपगारी रजा नव्हती, कारण कामागणिक दरात रजेला जागाच नसते.

जे काही वाढले, ते झगडून वाढले. जुलै २०२० पासून राज्याने दरमहा २,००० रुपयांची भर घातली. १५ जून २०२१ ला आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या, आठवड्याभराने संप मिटला, तेव्हा आशांना हजार रुपयांची कायम वाढ आणि ५०० रुपये करोना भत्ता मिळाला. पुन्हा २०२३ च्या अखेरीस संप, मग आझाद मैदानावर आंदोलन, आणि मार्च २०२४ मध्ये ५,००० रुपयांची वाढ. २०२५ मध्ये केंद्राने आपला ठरावीक मोबदला २,००० वरून ३,५०० केला. या वाढी स्वागतार्ह आहेत. पण प्रत्येक वेळी बाई रस्त्यावर बसली की रक्कम वाढते, आणि तिचे नाव पुन्हा मानधन किंवा प्रोत्साहन हेच राहते. किमान वेतनाला बांधलेला आकडा असता, तर तो महागाईबरोबर वाढत राहिला असता आणि दर दोन वर्षांनी मैदान गाठायची गरज उरली नसती.

शेवटचा आक्षेप असा की आता एवढ्या वर्षांनी मागचा हिशेब कसा काढणार, कोण किती घरे फिरली हे कुणाला ठाऊक? पण हा हिशेब काढण्याजोगा आहे. रोज संध्याकाळी जिल्ह्याचे जे आकडे टीव्हीवर दिसत, त्यांचा मोठा भाग याच वह्यांतून वर जात होता. आशाताईकडून गटप्रवर्तकाकडे, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तालुक्याकडे, जिल्ह्याकडे. तारीख, वाडी, किती घरे, किती माणसे, किती जणांना ताप. साथ कुठे पसरते आहे हे ठरवताना सरकारने त्या नोंदींवर विश्वास ठेवला. त्याच नोंदींवरून दिवस मोजता येतात, आणि त्या दिवसांना २३८ रुपयांनी गुणले की किती रक्कम अजून द्यायची राहिली आहे ते दिसते.