रेटिंग किती रे तुझं?

बुद्धिबळाच्या स्पर्धेला कधी गेलात तर एक गोष्ट लगेच कानावर पडेल. तिथं कुणी कुणाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आडनाव तर नाहीच नाही. दोन अनोळखी पोरं पाण्याच्या पिंपाजवळ भेटली की पहिला प्रश्न येतो, "रेटिंग किती?" समोरच्यानं "पंधराशे वीस" म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. आपलं जास्त असेल तर खांदे जरा सैल होतात, कमी असेल तर तो उगाच बुटाची नाडी बांधायला लागतो. बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून डब्यांची राखण करत बसलेल्या आईबापांचंही तेच चाललेलं असतं.

मी कवितेचा माणूस. अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला राहतो आणि मला बुद्धिबळ येतं ते पारावरचं. पण माझा भाचा सोलापुरात आहे, चौदा वर्षांचा. त्याच्या वडिलांना यंत्रमागाच्या पाळीतून सवड नसते, म्हणून त्याला स्पर्धांना घेऊन जायचं काम या मामूकडं आलं. गेली तीन वर्षं हॉलच्या बाहेर बसून हा आकडा काय चीज आहे ते मी समजून घेतोय. ते समजायला फार गणित लागत नाही.

ही पद्धत बसवली आर्पाद एलो नावाच्या माणसानं. जन्मानं हंगेरियन, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि स्वतः चांगले खेळाडू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं १९६० मध्ये आणि 'फिडे' या जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. वर्तमानपत्रात 'एलो गुणांकन' असा शब्द येतो तो या प्राध्यापकांच्या आडनावावरून. त्याआधी कोण मोठा खेळाडू हे समित्या ठरवायच्या. समिती म्हटली की ओळखीपाळखी आल्या. एलोंनी सांगितलं, मतं नकोत, निकाल आणा. कोण कुणाशी खेळला आणि काय झालं, एवढंच मला सांगा.

आता यातली मेख बघा. रेटिंग म्हणजे शाळेतले मार्क नव्हेत. ते एक भाकीत आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर शंभर डावांत पन्नास-पन्नास गुण वाटून जातील, असं ते सांगतं. फरक २०० चा असेल तर वरच्याला शंभरात ७६ गुण मिळावेत. फरक ४०० चा असेल तर ९१. बस्स, एवढंच ते बोलतं. तुमची हुशारी, मेहनत, पुढं काय होणार, यातलं काहीही त्याला ठाऊक नाही.

पण पोरांना हे असं वाटत नाही. माझ्या भाच्यानं एकदा बसमध्ये मला हिशेब मांडून दाखवला. याचं रेटिंग सोळाशे, समोरचा चौदाशे. हा जिंकला तर ९.६ गुण मिळणार, हरला तर ३०.४ जाणार, आणि बरोबरी झाली तरी १०.४ जाणार. "मामू, जीत्या तो नौ, हाऱ्या तो तीस. ये कौनसा इन्साफ?" आमच्या घरची दखनी आहे, तुम्हाला कळली असेलच.

त्याला मी जत्रेतल्या पैजेसारखं सांगितलं. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या प्रत्येक डावावर ४० गुणांची पैज असते, असं धर. ज्याच्याकडून अपेक्षा जास्त, त्यानं जास्त लावायचे. तू तीस मध्ये ठेवलेस, त्यानं दहा ठेवले. जिंकणारा चाळीस उचलणार, बरोबरी झाली तर वीस-वीस वाटून घेणार. चार डावांत तू तीन जिंकलास आणि एक हरलास, तर जवळजवळ जिथल्या तिथंच राहशील. म्हणजे ती चौथी हार तुझ्या आकड्यात आधीच धरलेली आहे. सोळाशेचा खेळाडू म्हणजे चौदाशेवाल्याशी चार डावांतला एखादा गमावणारा माणूस. रोज जिंकणाऱ्याला सोळाशे म्हणत नाहीत, त्याला अठराशे म्हणतात.

हिशेब त्याला पटला, दुःख मात्र गेलं नाही. कारण उघड आहे. तीन वेळा नऊ-नऊ आले ते खिशात खुळखुळत नाहीत, पण तीस गेले की खिसा फाटल्यासारखं वाटतं.

मोठ्या माणसांचं तर याहून अवघड. त्यांच्या डावावरची पैज २० ची, आणि एकदा २४०० गाठलं की १० ची. समोर चौदाशेचा नऊ वर्षांचा पोरगा बसतो, पाय जमिनीला लागत नाहीत. बँकेतून रजा काढून आलेले सोळाशेचे काका त्याच्याशी हरले की त्यांचे पंधरा जातात आणि पोराला तीस मिळतात. हे असं मुद्दाम ठेवलेलं आहे. लहान पोरं झपाट्यानं सुधारतात, त्यांचा आकडा त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागं राहतो, म्हणून त्याला जास्त वेगानं पळू द्यायचं. काकांना हे कळतं. तरी बाराव्या चालीला हळूच हात पुढं करून बरोबरी मागणारे काका मी पाहिलेत. समोरचं पोरगं मान हलवतं आणि घोडा उचलतं.

यातूनच एक रोग शिरतो. रेटिंग जपायचा. कुणी आपल्याहून कमी रेटिंगवाले जिथं येतात त्या स्पर्धा टाळतो, कुणी खेळायचंच थांबतो. वर्षभर डाव खेळला नाही तर यादीत नावापुढं 'निष्क्रिय' अशी खूण लागते, पण आकडा तसाच राहतो. भित्र्या माणसाला लपायला एवढी जागा पुरते. याच्या उलट करणारेही असतात. सोळाशेच्या आतल्यांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात, त्यांना बक्षिसं चांगली असतात, म्हणून आकडा मर्यादेच्या वर जाऊ द्यायचा नाही! हे प्रकार पाहिले की वाटतं, खेळाडू मोहरे हलवतोय की आकडा खेळाडूला?

पूर्वी निदान जखम भरायला वेळ मिळत असे. फिडेची यादी वर्षातून दोनदा यायची. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले, तो हा काळ. २०१२ पासून यादी दर महिन्याच्या एक तारखेला येते. पगार व्हावा तसं पोरांचं दर एक तारखेला काहीतरी होतं.

१ मार्च २०२४ ला मात्र वेगळंच झालं. फिडेनं २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एका रात्रीत वाढवले. २००० ला जेवढे कमी, त्याच्या चाळीस टक्के भर. भाचा १४१० वर होता, सकाळी उठला तर १६४६. कारण सरळ होतं. खालची पायरी पूर्वी हजारापर्यंत उतरवली होती, तिथून हजारो मुलं आत आली, ती भराभर सुधारली आणि एकमेकांचे व मोठ्यांचे गुण खात राहिली, त्यामुळं सगळा तळच खचला होता. तो उचलून सारखा केला. भाच्यानं गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मग त्याच्या ध्यानात आलं की बरोबरीच्या सगळ्यांचेच वाढलेत, आणि सोळाशेच्या आतल्या स्पर्धेत आता आपल्याला प्रवेश नाही. संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मामू, ये मेरे हैं क्या?"

या प्रश्नाला इतिहास आहे. १९८६ मध्ये फिडेनं महिला खेळाडूंना सरसकट शंभर गुण वाढवून दिले होते. बहुतेक महिला आपसांतच खेळत असल्यानं त्यांचे आकडे पुरुषांच्या मानानं कमी पडतात, असं कारण होतं. एकट्या सुसान पोल्गारला वगळलं, कारण ती पुरुषांशी खेळायची. त्यामुळं पुढच्या यादीत तिचा पहिला नंबर गेला, एक चाल न खेळता! आकडा निर्जीव असतो म्हणतात, पण त्या मुलीला तो काय वाटला असेल?

भाच्याच्या मनातही ते वाढलेले गुण उसने म्हणूनच राहिले. यंदा मे महिन्यात पुण्यात नऊ फेऱ्यांत त्याचे पंच्याहत्तर गेले, १६५० चे १५७५ झाले. गाडीत तो एवढंच म्हणाला, की आता सगळ्यांना कळलं. काय कळलं ते त्यानं सांगितलं नाही. प्रवेश फी, दोघांचं जाणं-येणं, लॉजचं भाडं हे सगळं त्याच्या वडिलांच्या जादा पाळ्यांतून आलेलं, हे पोराला ठाऊक असतं. पालकांना हात जोडून एक सांगतो, फोनवर पहिला प्रश्न "किती गेले?" असा विचारू नका. जेवलास का, हे विचारा. तेव्हापासून त्यानं एकाही स्पर्धेत नाव घातलेलं नाही.

त्याला मी नाशिकच्या विदित गुजराथीचं सांगितलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोला कँडिडेट्स स्पर्धा झाली. विदितनं जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. भाकीत बाजूला राहिलं. आणि त्याच स्पर्धेत विदित आठ जणांत सहावा आला. दोन्ही गोष्टी खऱ्या. नागपूरच्या दिव्या देशमुखचंही सांगितलं. ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. जुलै २०२५ मध्ये ती बातुमीला महिला विश्वचषकाला गेली तेव्हा तिच्याकडं एकही नॉर्म नव्हता आणि रेटिंगही २५०० च्या खाली होतं. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून ती जिंकली आणि नियमाप्रमाणं थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. ही पदवी आता आयुष्यभराची. रेटिंग वर-खाली होत राहील.

एलो स्वतः या आकड्याला फार पवित्र मानत नव्हते. पाण्यावर हेलकावे खाणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या मोजपट्टीनं मोजावी, तसं हे काम आहे, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलं होतं.

तरीही मी या आकड्याची टिंगल करणार नाही, आणि तेही कवी असल्यामुळंच. मुशायऱ्यात नवख्याला आधी वाचायला लावतात, उस्ताद शेवटी. तो क्रम म्हणजे रेटिंगच, पण ते ठरवतो संयोजक. तुमचं नाव कुठून आलं, कुणी सुचवलं, तुम्ही कुठल्या भाषेत लिहायला हवं होतं, सगळं त्यात येतं. 'तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?' हा प्रश्न मला तीस वर्षं माईकवरून विचारला गेलाय. भाच्याला पटावर असं कुणी विचारलेलं नाही. त्याचे १५७५ हे त्याचेच आहेत, कमी असतील पण कुणाच्या शिफारशीनं आलेले नाहीत.

गावाकडचा खेळ निराळा. आमच्या पारावर अजून देशी पद्धतीनं खेळणारे आहेत. प्यादं एकच घर चालतं, आणि प्याद्यानं मात केली तर तिची शान काही औरच. समोरच्याकडं नुसता राजा उरला तर बुर्जी, तिथं पुऱ्या विजयाचं समाधान नाही. म्हणजे जिंकलात कसे, यालाही मोल. एलोंच्या हिशेबात एक म्हणजे एक.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा वळसंगला आला होता. शेजारी एक निवृत्त गुरुजी आहेत, कानडी-मराठी मिसळून बोलतात. त्यांच्याशी तो सात डाव खेळला. नवे नियम मान्य करून, बरं का. चार गुरुजींनी घेतले, तीन यानं. लगेच यानं वहीत आकडेमोड केली. सातात चार म्हणजे ५७ टक्के, म्हणजे आपल्यापेक्षा पन्नास वर. "गुरुजी, तुमचं रेटिंग सोळाशे पंचवीस आलं!"

गुरुजींनी चष्मा पुसला. "असं का? मग आता हरलो की ते कमी होणार?"

"हो."

"मग ते राहू दे की तुझ्या वहीतच. सोंगट्या मांड."