रात्री तीनला टॉवर काय करतो?

मोबाइल नेटवर्कला लागणाऱ्या विजेतला सर्वांत मोठा वाटा टॉवरवरच्या यंत्रणेचा, म्हणजे बेस स्टेशनचा असतो. त्यातही पॉवर अॅम्प्लिफायर फार खादाड. सिग्नलचा जोर वाढवताना तो बरीच वीज उष्णतेतच घालवतो, आणि ती उष्णता काढायला पुन्हा एसी. पूर्वी हा अॅम्प्लिफायर असलेला रेडिओ टॉवरखालच्या खोलीत असे. जाड केबलमधून अँटेनापर्यंत पोचताना सिग्नलची कधी निम्मी शक्ती वाटेतच जिरायची. आता मान वर करून पाहिलंत, तर अँटेनाच्या मागे धातूच्या पट्ट्यांची पाठ असलेली पेटी दिसेल. तोच रेडिओ, बहुधा नुसत्या वाऱ्यावर थंड होणारा.

खरी उधळपट्टी रात्रीची. गाव झोपलं तरी ४जीच्या बेस स्टेशनला दर मिलिसेकंदाला ठरावीक संकेत पाठवावेच लागतात. ५जीत मूळ संकेतांमधलं हे अंतर साधारण २० मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे काम नसेल तेव्हा मधल्या वेळात अॅम्प्लिफायर बंद ठेवता येतो. मला हीच सुधारणा सर्वांत मोलाची वाटते. कारण आपल्याकडे वीज गेली की टॉवर बॅटरीवर, मग डिझेलवर चालतो. यंत्रणा कमी वीज खात असेल, तर त्याच बॅटरीवर फोन अधिक वेळ लागतो.