अद्भुताच्या वाटेने समाजाकडे

अद्भुत कादंबरीचा विषय निघाला की ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ ही नावे घ्यायची, ‘वीरधवल’पाशी थोडे थांबायचे आणि पुढे मराठी कादंबरी शहाणी होऊन वास्तवाकडे वळली असा निकाल द्यायचा, ही आपल्याकडची ठरलेली रीत. त्या राजवाड्यांत आणि भुयारांत मीही रेंगाळणार नाही. पण तो निकाल मला कधीच मान्य झाला नाही. शाप, वर, संजीवनी असलेली कादंबरी समाजाच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवते आणि हे कोल्हापूरच्या लेखकांनी सिद्ध केले आहे, हे मी वर्षानुवर्षे भांडून सांगत आलो आहे.

वाट नाटककार खाडिलकरांनी घालून दिली. ‘विद्याहरण’ १९१३ मध्ये रंगभूमीवर आले. कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांच्या पोटात जाते, या पुराणातल्या चमत्कारातून त्यांनी मद्यपानाचा प्रश्न उभा केला.

त्याच कचाला आणि शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिला खांडेकरांनी १९५९ मध्ये ‘ययाति’त आणले. शिरोड्याची शाळा सोडून ते कोल्हापुरात आले, त्याला तेव्हा दोन दशके झाली होती. स्वातंत्र्य मिळाले होते, त्यागाची भाषा ओसरत होती आणि उपभोगाची भूक वाढत होती. करवीर नगर वाचन मंदिराच्या प्रतीत मी ही कादंबरी प्रथम वाचली आणि अलकेपाशी अडखळलो. राजवाड्यातल्या दासीची ही मुलगी महाभारतात नाही, ती खांडेकरांची. राजपुत्राचा जीव तिच्यावर जडतो आणि तिच्या वाट्याला विष येते. शर्मिष्ठेचेही तेच. देवयानीशी वस्त्रावरून पेटलेल्या भांडणात राजकन्येची दासी होते. दासीपण रक्तात नसते, सत्ता ते लादते, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितले? आणि मूळ कथेतून लवकर निघून जाणारा कच इथे शेवटपर्यंत सोबत राहतो, कारण ययातीच्या भोगाला आणि त्याचा भाऊ यती याच्या देहद्वेषाला, दोघांनाही उत्तर देणारा माणूस खांडेकरांना हवा होता.

‘ययाति’ बोधाने जड झाली, असे म्हणणारे अजून भेटतात. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत असल्यापासून कलेसाठी कला की जीवनासाठी, हा वाद या गावाला नवा नाही. मी या टीकाकारांना एवढेच विचारतो : मुलाकडे तारुण्य मागणारा बाप कोणत्या वास्तववादी कादंबरीत मावला असता? वास्तवातला असा बाप जमीन विकतो, डोक्यावर कर्ज ठेवून जातो आणि त्याला सबबी सापडतात. अद्भुतात सबब उरत नाही. मागितले आणि घेतले, एवढेच उरते. साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चे ज्ञानपीठ, मराठीतले पहिले, या कादंबरीला उगाच मिळाले नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्याच आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ लिहिली. अंगावर जन्मजात अभेद्य कवच आहे, तरी कर्णाला जन्मच आडवा येतो. जातीची याहून दाहक प्रतिमा मला ठाऊक नाही. सावंतांनी कर्णाचा भाऊ शोण आणि पत्नी वृषाली यांनाही बोलते केले, म्हणून सूताचे घर आतून दिसले. कोवाडच्या रणजित देसाईंचा ‘राधेय’ १९७३ चा. तो हळवा आहे, पण त्याच कुळातला.

अद्भुताचे दुसरे दालन विज्ञानकथेचे. ते मोठे आहे, त्यातले एकच नाव घेतो. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. पुढे ‘वामन परत न आला’मध्ये त्यांनी प्रगत यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या विवेकाचा प्रश्न हाताळला.

आज पुराणांवरच्या कादंबऱ्यांचे पीक जोरात आहे. मुखपृष्ठे झळाळतात, अस्त्रे पानोपानी सुटतात, पण अलका कुठेच दिसत नाही. दासी, सूत, अरण्यातली माणसे पुन्हा गर्दीत ढकलली गेली आहेत. तरुण लेखक परदेशी मालिकांतले ड्रॅगन आणतात, याचे मला वावडे नाही. त्यांच्या कथेतल्या शापाची किंमत कोणीच मोजत नाही, याचे दुःख आहे. पंचगंगेचे पाणी आम्ही नासवले, उसासाठी जमिनी खारवल्या. नातवंडांच्या वाट्याचे आम्ही आजच खाऊन बसलो आहोत. आपल्या मुलाकडे, पुरूकडे, तारुण्य मागणारा ययाति आता एकटा नाही, अख्खी पिढी आहे. त्या पिढीची कादंबरी कोल्हापुरातच लिहिली गेली पाहिजे, आणि तिच्यात पुरूने या वेळी नकार द्यायला हवा.