एल्बेकाठचा अमेरिकन मुलूख

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांताची राजधानी जे ड्रेस्डेन, त्याचे आगगाडीशी असलेले नाते लोहमार्गाच्या उदयकाळाइतके जुने आहे. १८३९ साली पूर्ण झालेला लाइपझिग-ड्रेस्डेन हा जर्मनीतील पहिला लांब पल्ल्याचा लोहमार्ग, आणि त्यासाठी योहान आंद्रेआस शूबर्ट यांनी शहराजवळच्या युबिगाऊ येथे घडविलेले ‘सॅक्सोनिया’ हे इंजिन. अशा नगरीत आगगाडीच्या लघुप्रतिकृतींचा व्यासंग रुजावा यात नवल नाही. परंतु या प्रांतात बसून जो कारागीर अमेरिकेचा मुलूख मेजावर उभारू पाहतो, त्याच्या हाताशी असलेली सामग्री व परंपरा दोन्ही विशेष विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचे मापच मुळी अमेरिकन आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंडियाना राज्यातील हॅरल्ड जॉइस यांनी १२ मिलिमीटर अंतराचे रूळ आणि मूळ गाडीच्या एकशेविसाव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती, असे ‘टीटी’ नावाचे माप प्रचारात आणले. पुढे ९ मिलिमीटर रुळांचे ‘एन’ माप आले आणि टीटीची सद्दी त्याच्या जन्मभूमीत जवळजवळ संपली. मात्र १९५७-५८ च्या सुमारास पूर्व बर्लिनच्या झोयके व वेगवर्थ या कारखान्याने ते उचलले, आणि पूर्व जर्मनीच्या बेताच्या बिऱ्हाडांत ते असे स्थिरावले की, जर्मनीच्या एकीकरणानंतर त्याचा वारसा ड्रेस्डेनच्या पूर्वेकडील झेब्निट्झ गावच्या टिलिग कारखान्याने चालविला. झेब्निट्झ हे कृत्रिम फुलांच्या धंद्यासाठी नावाजलेले गाव. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या पाकळ्या वळविल्या, तेथे इतक्या बारीक रुळांची कदर व्हावी हे मला फार उचित वाटते.

दुसरी गोष्ट कल्पनेची. ड्रेस्डेनला लागून असलेल्या राडेबॉइल येथे अमेरिकन पश्चिमेच्या साहसकथा लिहिणारे कार्ल माय (१८४२-१९१२) यांनी ‘व्हिला शाटरहँड’ या घरात अखेरची वर्षे काढली. त्यांच्या विनेटू-कथेचा निवेदक पश्चिमेकडे जातो तो लोहमार्गाच्या मोजणीखात्यात नोकर म्हणून; स्वतः माय यांनी अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवले ते मात्र १९०८ साली, आणि पश्चिमेचा तो रखरखीत इलाखा त्यांनी कधीच पाहिला नाही. तरीही राडेबॉइलच्या वार्षिक उत्सवात १८८४ पासून चालत आलेली अरुंदमापी गाडी ‘सांता फे एक्सप्रेस’ होऊन धावते व तिच्यावर दरोडे पडतात. राठेनच्या खुल्या रंगमंचावर माय यांच्या कथांचे प्रयोग होतात, तेव्हा एल्बेकाठचे वालुकाश्माचे सुळकेच नेपथ्याचे काम करतात.

आता प्रत्यक्ष कारागिरी. कॅलिफोर्नियातील तेहाचापीचे १८७६ साली वाहतुकीस खुले झालेले वलय घ्या. चढ सौम्य राहावा म्हणून तेथे रूळ टेकडीभोवती पूर्ण फेरा घेऊन स्वतःच्याच वरून जातात. आपल्या बोरघाटात १८६३ साली ३७ फुटांस १ फूट असा चढ आणि गाडीची दिशा उलटविणारे स्थानक यांनी जो प्रश्न सोडविला, त्याचेच हे निराळे उत्तर. हे वलय सुमारे १,१५० मीटर लांबीचे, म्हणजे टीटी मापात साडेनऊ मीटरांहून अधिक. इतकी जागा कोणाच्या खोलीत असणार? म्हणून कारागीर त्याचा व्यास एक मीटरवर आणतो व परीघ सव्वातीन मीटरांच्या आत येतो. पण मग शंभरास दोन या चढाने गाडी जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर वर चढते, आणि पुलाची जाडी वजा जाता खालून उंच डबा सुटण्याची शाश्वती उरत नाही. शंभरास अडीच असा चढ धरला तर पावणेआठ सेंटिमीटर मिळतात व तजवीज होते. मात्र त्या चढावर वळणाच्या घर्षणासह लांब मालगाडी ओढण्यासाठी बहुधा दोन इंजिने जोडावी लागतात. आणि गाडी वलयाच्या परिघापेक्षा आखूड असेल तर तिच्याच शेपटाच्या डोक्यावरून इंजिन जाण्याचा, ज्यासाठी हे वलय प्रसिद्ध आहे, तो देखावाच हुकतो.

निसर्गरचनेत खरी कसोटी रिकाम्या जागेची आहे. सॅक्सनीचा देखावा रचताना चर्च, पाणचक्की, घरे यांनी फळी भरून टाकता येते. अमेरिकन पश्चिमेत मैलोगणती काहीच नसते, आणि ते ‘काहीच नसणे’ हातभर जागेत पटवून द्यावे लागते. त्यासाठी कुशल माणूस स्थानक एकच ठेवतो, तारायंत्राचे खांब मागे जाताना ठेंगणे करतो, दूरच्या टेकडीच्या रंगात निळसर करडी झाक मिसळतो. खडकासाठी एल्बेकाठचा खरा दगड वापरण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. त्याचा कण या मापाला फार मोठा दिसतो. जाळीवर प्लास्टर ओतून, ते ओले असतानाच चाकूने थर कोरून, वर पातळ गेरूचे हात दिलेले कडे कितीतरी अधिक खरे वाटतात. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बारकाईचे मोल सांगावयास नको. ड्रेस्डेनला जाण्याचा योग आल्यास त्यांनी योहानेउम या जुन्या राजवास्तूतील वाहतूक संग्रहालयातली मोठ्या मापाची प्रशस्त मांडणी आधी पाहावी, आणि मग राडेबॉइलच्या फलाटावरून त्या अरुंदमापी गाडीत बसावे.