सी प्रोग्रामचे संकलन : आज्ञेतील चुका व त्यांचे निराकरण

सी भाषेच्या प्रात्यक्षिकात प्रोग्राम चालला नाही की विद्यार्थी प्रथम अर्धविराम तपासू लागतो. वस्तुतः दोष पुष्कळदा संकलनासाठी दिलेल्या आज्ञेत असतो आणि निर्दोष प्रोग्राम मात्र दुरुस्तीच्या नावाखाली बिघडविला जातो. म्हणून पडद्यावरील संदेश कोणाकडून आला आहे, हे आधी ओळखणे आवश्यक ठरते.

जीसीसी ही आज्ञा एकच दिसत असली तरी तिच्यामागे प्रीप्रोसेसर, कंपाइलर, असेंब्लर व लिंकर क्रमाने काम करीत असतात. संदेशात ओळीचा क्रमांक असल्यास तो बहुधा कंपाइलरचा असतो व दुरुस्ती प्रोग्राममध्येच करावी लागते. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश लिंकरचा होय. फंक्शनचे नाव बरोबर लिहिलेले असूनही तो आल्यास आज्ञेकडेच पाहावे.

वर्गमूळाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. शिक्षक फळ्यावर १६ चे वर्गमूळ काढून दाखवितात आणि प्रोग्राम विनातक्रार चालतो. विद्यार्थी तीच संख्या कळफलकावरून घेतो, तेव्हा मात्र लिंकर अडतो. कारण, संख्या स्थिर असेल तर जीसीसी संकलनाच्या वेळीच उत्तर काढून ठेवतो; चल संख्येसाठी गणिताची लायब्ररी जोडावी लागते. त्यासाठी ‘-एलएम’ हा पर्याय द्यावयाचा, तोही फाईलच्या नावानंतर : ‘जीसीसी गणित.सी -ओ गणित -एलएम’. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचीत जातो आणि आधी आलेल्या लायब्ररीची तोवर कोणी मागणी केलेली नसते. पूर्वी हा क्रम उलटा असला तरी अनेक संगणकांवर काम भागत असे. उबंटूच्या ११.१० या आवृत्तीपासून (२०११) अनावश्यक वाटणारी लायब्ररी वगळण्याची पद्धत तेथे रूढ झाली. त्यामुळे जुन्या प्रात्यक्षिक-वह्यांतील काही आज्ञा नव्या संगणकावर निकामी ठरतात. अशा वेळी विद्यार्थ्याचे गुण कापणे अन्यायाचे होईल.

सर्वांत घातक चूक ‘-ओ’ या पर्यायाची आहे. त्याच्यापुढील नाव फलित फाईलचे मानले जाते. ‘जीसीसी -ओ यादी.सी गणित.सी’ अशी आज्ञा दिली गेली आणि संकलन यशस्वी झाले, तर ‘यादी.सी’मधील मूळ मजकूर नष्ट होऊन तेथे यंत्रभाषेतील फाईल येते. तासाभराचे श्रम असे क्षणात जातात. ‘-ओ’नंतर .सी ने संपणारे नाव कधीही देऊ नये.

टर्बो सीच्या सवयीने फाईलच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीतील सी अक्षराने केल्यास जीसीसी ती सी प्लस प्लसची फाईल समजतो. मग मॅलॉकची शुद्ध ओळसुद्धा चुकीची ठरते.

फलित फाईलला ‘टेस्ट’ हे नाव देण्याचा मोहही टाळावा. याच नावाची आज्ञा शेलमध्ये अंगभूत असल्याने नुसते ‘टेस्ट’ टंकित केल्यावर तीच चालते व पडद्यावर काहीच उमटत नाही. नावापूर्वी टिंब व तिरकी रेघ दिल्यास चालू निर्देशिकेतील आपली फाईल चालते.